हापूसचा जीआय: दाखला मिळेपर्यंत आणि मिळाल्यानंतर

2020 च्या उन्हाळ्यात लॉकडाउनमुळे वाशीच्या मार्केटचं गणित विस्कटलं आणि आमच्या घरचा आंबा पहिल्यांदाच दलालाकडे न जाता थेट गिऱ्हाइकांच्या घरी गेला. पुण्यातल्या काही सोसायट्या, ठाण्यातली माझ्या माहेरची माणसं, त्यांच्या ओळखीतले आणखी कोणी. पेट्या टेम्पोत चढवायच्या, व्हॉट्सॲपवर यादी टाकायची आणि पैसे खात्यात. माझ्या सासऱ्यांना आम्ही भाऊ म्हणतो. त्यांचं आयुष्य वाशीला माल धाडून पट्टीची, म्हणजे दलालाकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशोबाची, वाट बघण्यात गेलेलं. मोबाइलवर दिसणाऱ्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी मला बँकेत पाठवून पासबुक भरून आणायला लावलं.

थेट विक्री सुरू झाली तसा एक प्रश्नही सुरू झाला. "ताई, हा देवगडचाच कशावरून?" सुरुवातीला राग यायचा. विजयदुर्गच्या खाडीलगत आमची बाग, खारं वारं खात वाढलेली कलमं, आणि आम्हालाच पुरावा मागायचा? पण विचारणाऱ्याचं काही चुकत नव्हतं. 'देवगड हापूस' असं ठळक छापलेले खोके बाजारात कोणालाही विकत मिळतात. त्यात कर्नाटकातून आलेला आंबा भरून हमरस्त्याच्या कडेला विकायला कोणाची परवानगी लागत नाही. कर्नाटकी फळाची साल जाड असते, आतला गर पिवळट निघतो; आमच्या फळाची साल पातळ आणि गर केशरी. पण हे फळ कापल्यावर कळतं, म्हणजे पैसे देऊन झाल्यावर. फसलेला माणूस मग पुढच्या वर्षी खऱ्या आंब्याकडेही संशयाने बघतो. त्या संशयाची किंमत दर हंगामात आम्ही मोजत होतो.

त्यातूनच मी जीआयच्या, म्हणजे भौगोलिक मानांकनाच्या, मागे लागले.

हापूसला मानांकन मिळालं ते ऑक्टोबर 2018 मध्ये. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांचं मिळून एकच मानांकन. त्याची मालकी एका माणसाकडे किंवा कंपनीकडे नाही. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि रत्नागिरी, जामसंडे (देवगड) व केळशी इथल्या बागायतदारांच्या संस्था यांच्याकडे ती आहे. त्याआधी बरीच वर्षं अर्ज, हरकती आणि सुनावण्या चालल्या. देवगडवाल्यांना देवगडचं नाव वेगळं हवं होतं, रत्नागिरीकरांना रत्नागिरीचं. आमच्याकडे अजूनही जुनीजाणती माणसं पाच जिल्ह्यांना एका माळेत ओवल्याबद्दल हळहळतात. मला मात्र आता वाटतं की झालं ते बरं झालं. पाच जिल्हे आपसात भांडत बसले असते तर बाहेरच्यांना रान मोकळंच होतं. पुढे 'वलसाड हापूस' या नावाने मानांकनाचा अर्ज झाल्याचं कळलं तेव्हा कोकणात खळबळ उडाली आणि कधी नव्हे ते रत्नागिरी आणि देवगड एका बाजूला उभे राहिले.

2018 साली पेपरात मोठ्या बातम्या आल्या. गावात पेढे वाटले गेले नसले तरी आनंद झाला होता. बहुतेकांची समजूत अशी झाली की हापूसला जीआय मिळाला म्हणजे आपल्याला मिळाला. तसं नाही. मानांकन मालाच्या नावाला मिळतं. ते नाव आणि जीआयचं बोधचिन्ह आपल्या पेटीवर हक्काने वापरायचं असेल तर प्रत्येक बागायतदाराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची वेगळी नोंद करायची असते. त्यासाठी जीआय-3 नावाचा अर्ज आहे. तो चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात जातो, कारण सगळ्या देशाचं जीआयचं दफ्तर तिथे आहे. हा अर्ज मी घरात वाचून दाखवला तेव्हा भाऊ म्हणाले, "आंबो आमचो, झाडां आमची, मगे शिक्को मद्रासचो कित्याक?"

सरकारी फी ऐकून त्यांना आणखी आश्चर्य वाटलं. 2020 मध्ये नियम बदलले आणि पूर्वी पाचशे रुपये असलेली ही फी दहा रुपये झाली. हा बदल ज्याने सुचवला त्याला शेतकऱ्याचं मन कळत होतं. सरकारी दारात पाचशे रुपये ठेवायचे म्हटलं की आमच्याकडचा माणूस "फुडल्या वर्साक बघूया" म्हणतो. दहा रुपयांना कोणी असं म्हणत नाही. खर्च होतो तो कागद जमवायला.

तर कागद. आधार, पॅन, फोटो, बँकेचं पासबुक हे सगळं घरात होतं. प्रतिज्ञापत्र तालुक्याला जाऊन केलं. बागेत झाडं किती, कोणत्या वयाची, साधारण उत्पन्न किती, हे लिहून द्यायचं होतं. त्यासाठी मी आणि माझे मिस्टर बागेत फिरून एकेका कलमाला चुन्याने नंबर घालत सुटलो. भाऊंना प्रत्येक झाडाचा इतिहास तोंडपाठ: हे वादळात मोडलं आणि परत फुटलं, याचं कलम दापोलीहून आणलेलं, हे एक वर्षाआड धरतं. माझ्या वहीत त्यांच्या सांगण्याची टिपणं झाडाच्या नंबरासमोर लिहिलेली आहेत. अर्जाला त्यातलं फारसं काही लागलं नाही, पण ती वही मी जपून ठेवली आहे.

अडलं ते सातबाऱ्यापाशी.

कोकणातला सातबारा ज्याने बघितला नाही त्याला यातली गुंतागुंत सांगून पटायची नाही. आमच्या बागेच्या सातबाऱ्यावर भाऊंच्या आजोबांपासूनची पिलावळ आहे. काही नावं अशी, की ती माणसं जाऊन कित्येक वर्षं झाली आणि वारसनोंद झालेली नाही. काहींच्या मुली लग्न होऊन गेल्या, त्यांची नावं लागली ती माहेरच्याच आडनावाने. निम्मे खातेदार मुंबईत. डोंबिवली, नालासोपारा, भांडुप. तोंडी वाटप आजोबांच्या काळात झालेलं, बांध घातलेले, कोणाची कलमं कुठली याबद्दल आजवर तंटा नाही. पण कागदावर सगळं सामायिक.

दुसरी गंमत क्षेत्राची. आमची बरीचशी कलमं कातळावर आहेत. 1990 मध्ये रोजगार हमी योजनेला जोडून फळबाग लागवडीची योजना आली, तेव्हा भाऊंनी कातळात सुरुंग लावून खड्डे मारले, खालच्या मळ्यातून डोक्यावर माती वाहून ते भरले आणि एकेक कलम लावलं. पहिली काही वर्षं उन्हाळ्यात सासूबाई आणि त्यांच्या जावा विहिरीवरून हंड्याने पाणी घालत. ज्या जमिनीवर गवताखेरीज काही उगवत नव्हतं तिथे आज तीस वर्षांची झाडं उभी आहेत. कोकणात ग्रामविकास म्हणून जे काही डोळ्यांना दिसतं त्यातलं फार मोठं श्रेय माझ्या मते त्या एका योजनेला आहे. आणि सातबाऱ्यावर? त्यातल्या मोठ्या तुकड्यापुढे अजून 'पोटखराब' लिहिलेलं. म्हणजे पिकाखाली न येणारी जमीन. पोटखराब जमिनीवर हापूस कसा, असा प्रश्न अर्ज तपासणाऱ्याने विचारला तर त्याला काय दोष द्यायचा?

2021 पासून ई-पीक पाहणी मोबाइलवरून करता येऊ लागली, त्याचा उपयोग झाला. कलमापाशी उभं राहून फोटो काढायचा आणि पिकाची नोंद आपली आपण करायची. रेंज नसायची. खाडीकडच्या टेकाडावर गेलं की दोन काड्या यायच्या. वारसनोंदींचे फेरफार घालायला वेळ लागला. तलाठ्याकडे आमच्यासारखी अनेक गावं, त्यात मधेच निवडणुकीचं काम. आणि सह्या हा तर वेगळाच प्रकार. आम्हाला सांगण्यात आलं होतं की सामायिक खातेदारांचं संमतीपत्र जोडलेलं बरं. डोंबिवलीच्या चुलत सासऱ्यांना फोन केला. नाना आमच्यावर माया करणारे, गणपतीला न चुकता येणारे. पण सही म्हटल्यावर आवाज बदलला. "सही कसली गो? जमीन नावार करून घेतलास की काय?" मी समजावलं. भाऊ बोलले. शेवटी चतुर्थीला सगळे चाकरमानी गावी आले तेव्हा आरती झाल्यावर ओटीवर बसून मी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला, यात मालकीबद्दल एक अक्षर नाही हे प्रत्येकाला दाखवलं आणि सह्या झाल्या. हे काम फोनवर होणारं नव्हतंच. ज्यांना असा अर्ज करायचा आहे त्यांनी गणपती किंवा शिमगा गाठावा.

अर्ज गेला. पुढे जर्नलमध्ये नाव प्रसिद्ध होतं, हरकतीसाठी मुदत असते, मग दाखला. एका दुपारी दाखला हातात आला. त्यावर भाऊंचं नाव, कारण सातबाऱ्यावर त्यांचं. दाखल्याची मुदत दहा वर्षं किंवा मूळ मानांकनाची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. ही ओळ बहुतेक जण वाचत नाहीत. मूळ मानांकनाचं नूतनीकरण वेळेवर होतंय ना याकडे संस्थेच्या सभेत आपण लक्ष ठेवायला हवं ते याच कारणाने.

आता, यातून झालं काय?

वाशीत काही फरक पडला नाही. जीआयचं चिन्ह लावलेल्या पेट्या आणि बिनचिन्हाच्या पेट्या यांची पट्टी सारखीच आली. तिथे भाव ठरतो आवकेवर, फळाच्या आकारावर आणि पेटी चार डझनी आहे की सहा डझनी यावर. व्यापारी आपल्या डोळ्याने माल ओळखतो, त्याला चेन्नईच्या दाखल्याची गरज नाही. थेट गिऱ्हाइकाकडे मात्र फरक पडला आणि चांगला पडला. पेटीत दाखल्याचा नंबर असलेली चिठ्ठी जाऊ लागली तेव्हा "कशावरून" हा प्रश्न बंद झाला. आम्ही भाव थोडा वाढवला, कोणी कुरकुर केली नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आम्ही फळ चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झाल्याशिवाय काढणं थांबवलं. पूर्वी पाडव्याच्या भावासाठी बारा आण्याचं फळ घळाने (फळ उतरवायच्या जाळीच्या काठीने) उतरवून धाडायचे. असं फळ पिकतं, पण गोडी येत नाही. नावाने विकायचं तर नाव राखायला लागतं, हे आमच्या घरात कोणी शिकवलं नाही, गिऱ्हाइकांच्या फोननी आपोआप झालं.

2025 च्या हंगामात देवगडच्या संस्थेने आणखी एक पाऊल टाकलं. प्रत्येक फळावर वेगळ्या कोडचा स्टिकर. कोडचा काही भाग वर दिसतो, काही स्टिकरच्या खाली दडलेला. गिऱ्हाइकाने फोटो पाठवला की खालचा आकडा विचारला जातो आणि दोन्ही जुळले तरच फळ खरं. बागायतदाराला त्याच्या झाडांच्या, उत्पन्नाच्या हिशोबानेच स्टिकर मिळतात. म्हणजे शंभर झाडांच्या मालकाला हजार झाडांचा आंबा आपल्या नावाने खपवता येऊ नये अशी व्यवस्था. ही कल्पना मला मनापासून आवडली. रात्री दिव्याखाली अढीतला आंबा काढून, पेंढा झटकून, फळ फडक्याने पुसून त्यावर स्टिकर लावायचा आणि पेटीत देठ खाली करून रचायचा, हे काम वाढलं खरं. पॅकिंगला येणाऱ्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्यात हात बसवला. चीक नीट न सुकलेल्या फळावर स्टिकर धरत नाही, हे त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं.

आणि याच स्टिकरने एक गोष्ट उघडी पाडली, जी मला इथे मुद्दाम लिहायची आहे.

आमच्या शेजारचा नानांचा तुकडा आमच्या वाडीतला एक जण गेली कित्येक वर्षं खंडाने करतो. मी त्याला दादा म्हणते. पावसाळा संपला की साफसफाई, मग तुडतुडे आणि थ्रिप्स यांच्यासाठी फवारण्या, मोहोर राखायचा, वानर हाकायचे, राखणीला नेपाळी माणूस ठेवायचा, त्याचा पगार, फळ काढायचं, पेटी भरायची; सगळं त्याचं. अवकाळी पाऊस झाला तर नुकसानही त्याचं. नानांना ठरलेली रक्कम आगाऊ मिळते. कोकणातल्या किती बागा अशा चालतात हे कोकणी माणसाला सांगायला नको. मालक मुंबईत, करणारा गावात.

दादाचं नाव सातबाऱ्यावर नाही. करार तोंडी. तोंडी का? कारण लेखी केलं तर कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, ही भीती. कूळकायद्याला पाऊणशेहून जास्त वर्षं झाली तरी ती भीती कोकणच्या हाडात आहे. मालकांच्या पुढच्या पिढ्यांनाही ती वारशाने मिळाली आहे. कागद नाही म्हणून दादाला पीककर्ज नाही. नोंदणीकृत करार नाही म्हणून फळपीक विमा नाही. मग तो दिवाळीनंतर दलालाकडून उचल घेतो, त्या पैशात औषधं आणतो आणि बदल्यात सगळा माल त्याच गाळ्यावर घालतो. शेवटी मे महिन्यात उरलेला डागी माल कॅनिंगला जातो, किलोवर. थेट गिऱ्हाईक वगैरे आमच्यासारख्यांचे लाड. त्याला उचल फेडायची असते.

स्टिकर आले तेव्हा तो आमच्या खळ्यात आला. "वयनी, स्टिकर माका गावतले काय? नाय तर माझो माल काय म्हणान इकू?" त्याचा आंबा आणि आमचा आंबा यांच्यात फक्त एक गडगा (दगडी बांध) आहे. माती तीच, वारा तोच, कलमं एकाच वर्षी लावलेली. आणि नियम नीट पाळला गेला तर आमचा आंबा देवगड हापूस आणि त्याचा नाही! स्टिकर घ्यायचे तर नानांच्या नावाने. आणि नानांना कोणीतरी सांगितलं की जीआयचा आंबा महाग जातो. त्यांनी खंड वाढवून मागितला. नाना वाईट नाहीत. पेन्शन नसलेला म्हातारा माणूस आहे, त्यांनाही चार पैसे हवेत. पण मानांकनाने जी काही वाढ व्हायची ती करणाऱ्याच्या हाताला लागायच्या आधीच मालकाच्या खात्यात निघाली होती.

मी मूळ कायदा वाचायला घेतला. 1999 चा कायदा, 15 सप्टेंबर 2003 पासून लागू झालेला. मला वाटलं होतं की त्यातच जमिनीची अट असेल. नाही. कायद्यात 'उत्पादक' कोणाला म्हणायचं हे लिहिलेलं आहे: शेतमालाच्या बाबतीत जो तो पिकवतो तो, आणि त्यात त्या मालावर प्रक्रिया करणारा किंवा तो पॅक करणाराही येतो. इतकंच काय, त्या मालाचा व्यापार करणाराही त्या व्याख्येत बसतो. जमीन कोणाच्या नावावर आहे हे कायद्याने विचारलेलंच नाही! सातबारा आला तो पुरावा म्हणून. हा माणूस खरंच हापूस पिकवतो का हे तपासायचा सोपा मार्ग म्हणून. सोय म्हणून आलेला कागद हळूहळू अट होऊन बसला आणि त्या अटीने दादासारख्यांना, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायकांना, रात्र रात्र पॅकिंग करणाऱ्या मजुरांना दाराबाहेर ठेवलं.

दार्जिलिंगचा चहा हा आपल्या देशातला पहिला जीआय, 2004 सालचा. त्या नावाखाली 87 मळे. पानं खुडणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतात, पण पायाखालची जमीन त्यांच्या नावावर नाही म्हणून त्यांच्या आंदोलनांत जमिनीच्या पट्ट्यांची मागणी सतत असते. चहाचं नाव जगभर झालं. खुडणारीचं नाव कुठल्या कागदावर आहे, हा प्रश्न मला तिच्यासाठीही पडतो आणि आमच्या पॅकिंगच्या बायकांसाठीही. गरीब देशांत मानांकन आलं की गाव वर येतं असं भाषणात सांगतात. गाव वर येईल, पण गावातलं कोण, हे नोंदणीच्या वेळी कोणता कागद मागितला यावर ठरतं.

बनावट मालाविरुद्ध कायद्यात कडक तरतूद आहे असंही नेहमी सांगितलं जातं. ती मी वाचली. पोलिसांना छापा घालून माल जप्त करता येतो, पण तो अधिकार उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला, आणि झडतीपूर्वी त्याने जीआयच्या रजिस्ट्रारचं मत घ्यायचं. पैठणी किंवा वारली चित्रासाठी हे चालेल. हापूस अढीत घातल्यापासून दहा-बारा दिवसांत खाऊन संपतो. चेन्नईहून मत येईपर्यंत रस्त्यावरचा तंबूही उठलेला असतो. म्हणून मला पोलिसांपेक्षा स्टिकरवर जास्त भरवसा वाटतो. आणि म्हणूनच तो स्टिकर पिकवणाऱ्या प्रत्येकाच्या हातात असला पाहिजे असं वाटतं. दादाच्या हातात तो नसेल तर त्याचा खरा आंबा बिननावाच्या ढिगात जाईल, आणि त्याच ढिगात उद्या कर्नाटकचा आंबा मिसळायला वाव मिळेल. त्याला बाहेर ठेवण्यात आमचंही भलं नाही.

मार्ग निघाला तो कणकवलीच्या एका वकिलांमुळे. ते म्हणाले, जमीन भाड्याने दिली असं लिहूच नका. झाडांवरचं फळ विकत दिलं, त्यासाठी झाडांची निगा राखायची आणि फळ उतरवायचं काम घेणाऱ्याकडे, जमिनीचा ताबा मालकाकडेच, असं लिहा. व्यवहार खरोखर तसाच आहे, त्यात खोटं काहीच नाही. नानांना हे पटवायला पुन्हा चतुर्थीचीच ओटी लागली. या वेळी वकिलांनी लिहिलेला मसुदा मी नानांच्याच मुलाकडून वाचून घेतला, म्हणजे गावच्या सुनेने काही गाळलं असं वाटायला नको. खंडाचंही ठरलं: स्टिकर लावून थेट विकलेल्या मालावर जे जास्तीचं मिळेल त्यातला तिसरा हिस्सा नानांचा, बाकी दादाचा. पाच वर्षांचा करार झाला. दादाने त्यावर सही केली आणि विचारलं, ह्या कागदार विमो मिळात काय? तो प्रश्न मी बँकेत घेऊन गेले आहे. तिथे अजून विचार चालू आहे.

गेल्या हंगामापुरती अशी सोय केली की नानांच्या नावाचे स्टिकर दादाकडे, आणि कोणत्या पेटीत किती गेले याची वही दोघांच्या सह्यांची. करार जोडून दादाचा स्वतःच्या नावाचा जीआय-3 तयार केला आहे. पिकवणारा म्हणून. सोबत कायद्यातल्या व्याख्येची प्रत जोडली आहे आणि बागेतले फवारणीच्या नोंदींचे कागद, औषधांची बिलं, वाशीच्या जुन्या पट्ट्या. या पट्ट्यांवर त्याचंच नाव आहे. हापूस तो पिकवतो याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठला? पट्ट्या त्याच्या बायकोने पत्र्याच्या ट्रंकेत घालून ठेवल्या होत्या, वर्षवार, सुतळीने बांधून.

पॅकिंगच्या बायकांचा बचतगट आहे. 'पॅक करणारा' या शब्दांखाली गटाच्या नावाने अर्ज करता येईल का, हे संस्थेच्या पुढच्या सभेत मी मांडणार आहे. भाऊ म्हणतात, सभेत बायका उभ्या राहून बोलत नाहीत. मग पहिली मी बोलेन.

ज्यांना नोंदणी करायची आहे त्यांनी मोहोर येईपर्यंत थांबू नये. पावसाळ्यात सातबारा काढून बघा: वारसनोंद झाली आहे का, आंब्याची नोंद आहे का, कातळावरच्या कलमांपुढे पोटखराब लिहिलंय का. ई-पीक पाहणीची मुदत चुकवू नका. संमतीच्या सह्या चतुर्थीला घ्या. आणि तुमची बाग दुसरा कोणी करत असेल तर त्याच्याशी लेखी करार करा आणि त्याचाही अर्ज तुमच्याबरोबरच पाठवा. आमच्या वाडीत आणखी दोघांचे करार याच नमुन्यावर या पावसाळ्यात व्हायचे आहेत.